ओटी भरून माघारी

सुलतानपूर,
१५ मार्च १९६४

प्रिय प्रेमलाताई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते, पण आज रागावून ठेवते आहे, हे आधीच सांगून टाकते. बाळंतिणीनं लिहायचं नाही, डोळे अधू होतात, असा आईचा हुकूम आहे. ती शेजारी गहू निवडायला गेली आहे आणि पोर शेक घेऊन गाढ झोपली आहे, तेवढ्यात पाटावर कागद ठेवून हे लिहिते. रागाचं कारण ऐका. परवा मोतीराम ड्रायव्हर आला होता. तोच, ज्यानं आपली मोटार बाभळीवर घातली. बिचारा अजून माझ्यापुढं मान वर करत नाही. उंद्रीहून येताना तो तुमच्या सासरी पाणी प्यायला थांबला होता. त्यानं म्हणे तुम्हाला विचारलं, बाई, तुम्ही नसत्या तर काय झालं असतं? तर तुम्ही म्हणालात, ‘मी कायले काही केलं बापा? डॉक्टरीनबाईनं वाचवलं. मी त नुसती सोबत होती.’ नुसती सोबत! हे ऐकल्यापासून माझं डोकं फिरलं आहे. तुम्ही तिथं होतात खऱ्या, पण तुम्ही स्वतःला कुठं पाहिलंत? मी पाहिलं. म्हणून तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगायला बसले आहे. कंटाळा आला तरी वाचा. तेवढ्या वेळात तुमच्या मळ्यातल्या मिरच्या काही सुकत नाहीत.

सातव्यात मला माहेरी न्यायचं राहून गेलं, कारण आई हिवतापानं पडली होती. आठव्यात लेकीला नेत नाहीत. म्हणून नववा लागला तशी सासूबाईंनी डोणगावला घाईघाईनं ओटी भरली आणि बाबा मला न्यायला आले. कापसाच्या जिनवाल्या माणिकरावांनी त्यांची मोटार दिली, त्याचं गावभर केवढं कौतुक! सोबत खरं तर सासूबाई येणार होत्या. पण पेट्रोलच्या वासानं त्यांना वेशीच्या आतच उलट्या होतात, म्हणून ऐन वेळी तुम्हाला बसवलं. तुम्ही ओटीला बायकांत आला नव्हतात, चुलीपाशी पुऱ्या तळत बसला होतात. मला वाटलं, नणंदबाईंना ताठा आहे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आपण दोघी धड बोललो नव्हतो. निघताना सासूबाईंनी बाबांना बजावलं की भरल्या ओटीनं निघालेल्या लेकीचं पाऊल माघारी फिरू द्यायचं नाही, काही विसरलं तर विसरलं, मोटार वळवायची नाही. आपल्याकडं हे सगळेच पाळतात. माझी थोरली बहीण चष्मा सासरी विसरली होती. तिनं अख्खं बाळंतपण चष्म्यावाचून काढलं, पण कुणी मागं फिरलं नाही.

मेहकर मागं पडलं, सुलतानपूर कोसभरावर आलं, मी आईच्या हातच्या कढीचा विचार करत होते. पुढं कापसाच्या गाड्यांची रांग होती. भोंगा वाजला, एक बैल बुजून आडवा आला, मोतीरामनं चाक फिरवलं आणि मोटार रस्ता सोडून बाभळीवर आदळली. पुढच्या बाकाची कड माझ्या पोटावर बसली, एवढंच मला आठवतं. डोळे उघडले तर गाडीवान, मोतीराम, सगळे बाबांभोवती. बाबांचं कपाळ फुटलं होतं आणि धोतरापर्यंत रक्त आलं होतं. कुणी हळद मागतंय, कुणी धोतर फाडतंय. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. जो तो म्हणे, देवानं लेकीला राखलं, ओटी भरलेली होती म्हणून राखलं. मीही हात जोडले. सगळ्यांत तुम्ही एकट्या माझ्यापुढं येऊन बसलात. पोटाला कुठं लागलं ते विचारलंत, तिथं तळवा ठेवलात आणि म्हणालात, ‘हालते का?’ मला सांगता येईना. दुखत होतं थोडं, पण हादऱ्यानं तर सगळंच दुखतं. तुमचा चेहरा तेव्हा असा झाला, ताई, की मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग तुम्ही म्हणालात, मेहकरला दवाखान्यात जायचं. बाबा चिडलेच. घर एवढ्याशा अंतरावर, आई वाट पाहते, गावात सुईण आहे, पोर चालते-बोलते आणि भरल्या ओटीनं माघारी फिरायचं? गाडीवानांनीही माना डोलावल्या. एकानं तर सुलतानपूरला न्यायला कापूस उतरवून गाडी रिकामी करायला घेतली. तुम्ही, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या, वडीलमाणसांपुढं कधी न बोलणाऱ्या! तुम्ही बाबांना म्हणालात, ‘ओटी कायच्यासाठी भरली काका? लेकराच्याच जिवासाठी ना? मंग दवाखाना जिकडं हाये तिकडं चला. पाप लागलं त मले लागू द्या.’ एवढं बोलून तुम्ही रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिलात, कारण मेहकरकडं जाणारी एसटी येत होती. भोंगा वाजतोय, ड्रायव्हर हातवारे करतोय, तुम्ही हलायला तयार नाही. कंडक्टर उतरून ओरडला, बाई, इथं थांबा नाही. तुम्ही म्हणालात, ‘आता हाये.’ मला त्या दुखण्यातही हसू आलं.

आणि गाडीत बसल्यावर गप्प राहाल तर शपथ! स्टँडवर नाही, दवाखान्याच्या दारातच उतरवा, असा तुमचा हेका. एका गृहस्थाची कोर्टात तारीख होती, त्यानं आरडाओरडा केला. तुम्ही त्याला म्हणालात, ‘दादा, तुमाले दुसरी तारीख भेटन. इले नाही भेटणार.’ बसायला जागा नव्हती, तर त्याच गृहस्थानं उठून मला अख्खं बाकडं दिलं. कोंबड्यांच्या पाट्या, दुधाचे डबे, बाजारकरी बायका, सगळ्यांसकट ती एसटी दवाखान्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली. असं कुणी कधी केलं नसेल. तुमच्या बंधुराजांना सांगितलं तर ते आधी विश्वासच ठेवीनात. आता शाळेत मुलांना सांगतात म्हणे, आमच्या ताईनं एसटी वळवली.

मेहकरच्या डॉक्टरांनी पोटाला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. बाळाचे ठोके बिघडले आहेत, पोट घट्ट होत चाललं आहे, ऑपरेशनची सोय बुलडाण्याला आहे, आत्ताच्या आत्ता निघा, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्याची जीपही काढून दिली. बाबा पुन्हा अडले. ऑपरेशन कशाला? रक्ताचा एक थेंब नाही, आधी डोणगावला निरोप धाडू, जावईबापूंना विचारू, असं सुरू झालं. तेव्हा तुम्ही त्यांच्या कपाळावरच्या पट्टीकडं बोट दाखवून म्हणालात, ‘काका, कपाळाचं रक्त दिसते. पोटातलं दिसत नाही.’ बाबा आजही हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या वेळी मात्र उठून जीपमध्ये पुढं जाऊन बसले ते.

त्या सबंध रस्त्यात तुमचा हात माझ्या पोटावरून हलला नाही. जीप हादरे खात होती, माझ्या कळा वाढत होत्या आणि तुम्ही माझ्याशी नाही, पोटातल्या जिवाशी बोलत होतात. ‘थांब वं बाई, जराशी कळ काढ, हे पाह्य, चिखली आली.’ पोरगीच आहे हे तुम्हाला कसं कळलं, याचं मला नवल वाटलं. विचारायचं त्राण नव्हतं. बुलडाण्याला तपासायच्या टेबलावर ठेवलं आणि तिथंच रक्त सुरू झालं. पाटावर लोटा लवंडावा तसं. डॉक्टरीणबाई नंतर मला म्हणाल्या की बाळाची वार आतून सुटत होती, मी गावी गेले असते तर आई आणि मूल दोन्ही हाती लागली नसती. रक्त कोण देणार म्हणून त्या बाहेर आल्या, तर बाबांचं डोकं फुटलेलं. तुम्ही बाही वर करून उभ्याच. ते जुळलं. म्हणजे आज हे पत्र लिहिणाऱ्या हातात तुमचंही रक्त खेळतं आहे, आणि तुम्ही म्हणता नुसती सोबत! अशा सोबतीला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

ऑपरेशन करून पोर काढली ती एवढीशी, कापसात गुंडाळलेली. रडायलाही तिला वेळ लागला. ती दूध ओढायला लागेपर्यंत तुम्ही दवाखान्याच्या ओसरीतून हलला नाहीत. माझे केस विंचरलेत, मला भाकरी कुस्करून भरवलीत, डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलंत. आणि ज्या दिवशी सगळे म्हणाले, आता धोका नाही, त्याच दिवशी पिशवी उचलून उंद्रीला निघून गेलात. मी पोर पुढं केली, तर तुम्ही पदराआड हात घेतलेत. घाईत असाल असं मला वाटलं. पण मग ध्यानात आलं, इतक्या दिवसांत तुम्ही तिला एकदाही उचललं नव्हतं. सगळं केलंत, तेवढंच नाही केलं. मला फार लागलं ते.

सासूबाईंनी मग सांगितलं. त्या रडत होत्या, ताई. तुम्हाला पहिल्या खेपेला सातव्यात माहेरी आणताना बैलांची दमणी उलटली होती. अंगावर खरचटलंही नव्हतं. भरल्या ओटीनं निघालेली म्हणून कुणी मागं फिरलं नाही, दवाखान्याचं नाव काढलं नाही. हळद-दूध देऊन निजवलं. तुम्ही म्हणत राहिलात, आई, हालत नाही वं, आणि सगळ्या म्हणत राहिल्या, झोपलं असंल. ती मुलगी होती. पुढं तुमची कूस उजवली नाही, आणि लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. ओटीच्या वेळी तुम्ही चुलीपाशी का होतात ते मला त्या दिवशी समजलं. आणि मी त्याला ताठा समजत होते! ज्या बाईवर असा प्रसंग आला ती तो आठवून मटकन खाली बसली असती. तुम्ही भर रस्त्यात उभ्या राहिलात. माझ्या ओळखीत एवढ्या छातीचं माणूस दुसरं नाही, बाईही नाही आणि पुरुषही नाही.

आता इकडची बातमी. पोर बाळसं धरते आहे. भूक लागली की आळी जागी करते. बाबांनी तिच्यासाठी विडी सोडली, दोन दिवसांनी पुन्हा धरली. सव्वा महिना उलटला तरी बारसं झालेलं नाही, कारण तुमच्या यजमानांबरोबर तुमचा निरोप आला की माझी वाट पाहू नका, चुलत आत्या म्हणून पुष्पाबाईंना बसवा, त्यांची लेकरं खंडीभर, हात भाग्याचा. आईनं परस्पर पुष्पाबाईंना आमंत्रणही धाडलं होतं. मी ते मोडून काढलं. घरात दोन दिवस अबोला होता. लोक विचारतात, पोरीचं नाव काय? मी सांगते, तिची आत्या उंद्रीला मिरच्या तोडते आहे, तिला विचारा.

येत्या गुरुवारी बारसं ठरवलं आहे. पाळण्यात पोर तुम्हीच घालायची आणि कानातही तुम्हीच सांगायचं. पण मी लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही तुमच्या मुलीसाठी एक नाव मनात धरलं होतं. कुणाला सांगितलं नाहीत, आणि ती गेल्यावर कुणी विचारलंही नाही. ताई, ते नाव माझ्या पोरीला द्या. अपशकुन म्हणणारे म्हणोत. भरल्या ओटीनं माघारी फिरणं हाही अपशकुनच होता, आणि त्याच्याच जोरावर ही माझ्या शेजारी झोपली आहे. ते नाव मला आधी कळवू नका. गुरुवारी तिला उचला, छातीशी घ्या आणि पहिल्यांदा तिच्याच कानात सांगा. मग मोठ्यानं सांगा, म्हणजे आम्ही सगळे तिला त्याच नावानं हाक मारू, आणि तुम्हालाही ती हाक रोज मारता येईल.

वाट पाहणारी,
तुमचीच,
सुहासिनी