नदीपासून मागे फिरले त्याबद्दल

विनीत, दूध आणायला जाऊन तू पेपर घेऊन येतोस, म्हणून हे तोंडी न सांगता लिहवून ठेवते.

मी, रखमा ऊर्फ मार्था हिरामण साळवे, वय ७९, राहणार अंबरनाथ पूर्व, अक्षरशत्रू पण डोक्याने शाबूत, कोणाच्या दाबाखाली न येता शेजारी हेमचंद्र यांच्याकडून हे लिहवून घेत आहे.

१. उल्हासनगरात सिंधी शेठकडे ज्या लाटण्याने तीस वर्षं पापड लाटले, ते सून शीलाला. तिचा हात चांगला. तोंडाचं तिने पाहावं.

२. ही खोली विनीत आणि किर्ती दोघांची. मात्र बहिणीला तू उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस, तर सबंध खोली तिची.

कारण सांगते. किर्ती मुलाला सासरी ठेवून निघून गेली, सहा महिन्यांनी परतली. तू चर्चच्या मंडळीचा पंच. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट तिच्यासमोरून तसंच पुढे नेलंस. घरी म्हणालास, प्रभूला मोह शिवलाच नव्हता, म्हणून तो निष्पाप. अरे, मग चाळीस दिवस रानात उपाशी राहून त्याने केलं काय? भूक खरी होती. मोह खरा होता. तो पडला नाही, एवढंच. म्हणून तर आपली लाज त्याला कळते.

तू सव्वा महिन्याचा होतास. तुझे वडील अंथरुणावर, सासूचं बोलणं वरून. तुला कुळगावच्या प्रार्थनाघराच्या पायरीवर ठेवून मी चालू लागले. जा म्हणणारा सैतान माझ्याच आवाजात बोलत होता. नदीपर्यंत गेले. तिथे पान्हा फुटला, लुगडं भिजलं, म्हणून मागे फिरले. त्यात माझी पुण्याई काही नाही.

हेमचंद्र थांबले. म्हणाले, "मावशी, हेही लिहू?"

दारातून विनीत म्हणाला, "आई, हे खोडायला सांग."

मी म्हणाले, "खोडायचं नाही. तिचे सहा महिने, माझा एक तास. मोजून सांग, पापी कोण."

 तो अजून दारातच आहे. लिहा, तेही लिहा.

३. पोस्टात असेल ते मूठमातीला. शवपेटी साधी.

अंगठा: रखमा ऊर्फ मार्था साळवे
साक्षीदार: रामभाऊ म्हात्रे, कौसाबाई गायकर
अंबरनाथ पूर्व, १२ फेब्रुवारी २०२४

अंगठ्यानंतर सांगितलेलं: मी गेल्यावर या घरात चूल पेटणार नाही. मूठमातीनंतरचा कडू घास किर्तीच करून आणील आणि पहिला घास विनीत तिच्या हातून खाईल. म्हणून मी गेल्याच्या निरोपाबरोबरच कात्रपला तिच्या घरी तांदळाचं पीठ आणि सुकट पाठवायची. विनीतनेच न्यायची. सुकट निवडून न्यावी, त्या दिवशी तिला नीट दिसायचं नाही.