कोरडी चादर

अण्णा, तुमच्या लघवीबद्दल तुम्हालाच कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. माझे यजमान गेल्यापासून दुपारी मी मिळेल ते वाचत बसते. परवा एका पुस्तकात पाठीचा कणा मोडलेल्या माणसांवर एक प्रकरण निघालं. मूत्राशय आवरणारी गोळी कुणाला लागू पडेल आणि कुणाला नाही, हे आधी कसं ओळखावं, याचा शोध डॉक्टर लोक अजून घेताहेत म्हणे. काही अंदाज आता येतो, खात्री नाही. पुस्तक मिटलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल असेल. बसवनगुडीच्या घरी तुम्ही आईला कापड मोजायच्या लाकडी गजानं मारत होतात. आपल्या शिवणाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या शर्टाची काजं तिनं उलट्या बाजूला केली होती, एवढंच. ती जिन्यावरून खाली पळाली. तुम्ही मागे धावलात, लुंगीत पाय अडकला आणि खालच्या दगडी उंबऱ्यावर पाठीवर आपटलात. सुजल्या डोळ्यानं तिनंच शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि तुम्हाला ऑटोत घातलं.

कमरेखाली तुम्हाला काही कळेना. मूत्राशय मात्र गप्प बसेना. थोडं भरलं की ते आतून आवळायचं, मेलेले पाय झटके द्यायचे आणि चादर भिजायची. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी नळीनं आत पाणी भरून दाब मोजला. यंत्राची सुई कागदावर उसळली. "गोळी देते," त्या म्हणाल्या. "कुणाला लागू पडते, कुणाला नाही. घेऊन बघायचं, मग पुन्हा दाब मोजायचा. दाब असाच राहिला तर किडन्या जातील."

त्या गोळीनं तुमचं तोंड लाकडासारखं कोरडं पडतं. तुम्ही पाणी मागता. आई देत नाही. जन्मभर तुम्हाला 'अहो' म्हणणारी बाई भिजलेली चादर खसकन ओढते आणि तुमच्या थोबाडीत मारते. "पाणी पाहिजे? आणि तुझं मूत कोण धुणार, तुझा बाप?" तुम्ही उशाचा तांब्या तिच्यावर भिरकावता, तिची भुवई फुटते. ती पदरानं रक्त पुसते, तांब्या उचलते आणि माळ्यावर टाकते. त्या दिवसापासून जेवणावर दोन घोट, एवढंच. रविवारी मी सासरहून, येलहंक्याहून येते, ती दुकानात गेली की तुम्हाला ताक पाजते. तुम्ही माझं मनगट दुखेपर्यंत धरता. "आणखी. स्वल्प आणखी दे गं."

चादर कोरडी राहायला लागली. आई गल्लीत सांगत सुटली, गोळी लागू पडली. तिला ते खरंच वाटत होतं की काय, मला आजही सांगता येत नाही.

पुन्हा दाब मोजला तेव्हा मी सोबत होते. सुई पहिल्यासारखीच उसळली. डॉक्टरबाई कागदाकडे बघत राहिल्या. "चादर कोरडी आणि दाब तेवढाच? यांना पाणी किती देता, अक्का?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "ती देते हो डॉक्टर. मीच पीत नाही. ओलं होतं ना."

डॉक्टरबाईंनी तुम्हाला फैलावर घेतलं. औषध बदललं, भरपूर पाणी प्यायला बजावलं. आईनं त्या दिवसापासून पाणी दिलं, मागाल तेवढं. पण उशीर झाला होता. आत जंतू माजले होते. ताप चढला, तोंड सुजलं आणि पुढच्या उगादीच्या पाडव्याआधीच तुम्ही गेलात.

आई पुढे बरीच वर्षं जगली. "शेवटी माझी लाज राखली त्यांनी," असं आल्यागेल्याला सांगायची, डोळ्यांत पाणी आणून. मी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. पण तुमच्या उशाशी मी उभी होते, अण्णा. बोलताना तुम्ही डॉक्टरबाईंकडे बघतच नव्हतात. तुम्ही आईच्या उजव्या हाताकडे बघत होतात. संध्याकाळी त्याच हाताकडे तुम्हाला परत जायचं होतं.

हे पत्र घरात कुणाला दाखवणार नाही, चुलीत घालीन. तुम्हाला एकट्याला सांगायचं ते एवढंच, की तुम्हाला तसं घाबरलेलं बघून मला बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.