मोरीजवळचं निळं कपाट

बुलढाणा,
२६ ऑक्टोबर १९६६

प्रिय माय,

पुष्पावहिनी हे पत्र तुला वाचून दाखवतील तेव्हा तू सरकी काढत बसलेली असशील आणि बाबा ओट्यावर बसून, ऐकत नसल्यासारखं करून, सगळं ऐकत असतील. वहिनी, सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका. पत्र लांब आहे. शेवटी मला मायकडे एक मागणं मागायचं आहे. ते आत्ताच सांगितलं तर ती पुढचं ऐकणार नाही, म्हणून आधी आमच्या कपाटांची गोष्ट ऐका. मी बरी आहे. जवसाची चटणी संपली. सर्दी होती, ती गेली.

माय, तू मागे विचारलं होतंस, तुमच्या बोर्डिंगात पोरी जेवतात कुठं. हा बंगला एका वकिलाचा. ते नागपूरला गेले तेव्हा संस्थेला देऊन गेले. आपल्याकडे चुलीपुढे पाट टाकला की जेवणघर झालं, पण या वकिलांनी नुसतं जेवायला म्हणून एक मोठी खोली बांधली होती. त्यातलं टेबल आणि खुर्च्या गेल्या, आता मुली बसकरांवर बसतात. राहिली ती एका लांब भिंतीत बसवलेली कपाटं. भिंतीतलीच असल्यामुळे ती कोणाला उचलून नेता आली नाहीत. सगळं सागवान, जळगाव जामोदच्या वरच्या सातपुड्यातून आणलेलं. आता दारं जुन्या गुळासारखी काळसर दिसतात. या कपाटांत मुलींची ताटं असतात. प्रत्येक मुलगी ताट, वाटी, पेला घरून आणते आणि त्यावर तिचं नाव घातलेलं असतं. माझ्या भांड्यांवर तू चिखलीच्या बाजारात नाव घालून घेतलंस, ते आठवतं का? पेल्यावरही घाल म्हणालीस, तेव्हा तो माणूस म्हणाला होता, ‘पेला लहान हाय अन् नाव चांगुणापासून बाप उकंडरावापर्यंत, बसन कसं?’ तू म्हणालीस, ‘गोल फिरव.’

तर ही ताटं कुठल्या कपाटात ठेवायची याचा काही नियम नव्हता. माझ्या आधीच्या बाईंनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तरी स्वयंपाकघराच्या दारापाशी पाटलांच्या, देशमुखांच्या मुलींची ताटं, मध्ये आपल्यासारख्यांची, आणि अगदी शेवटी, मोरीला लागून असलेल्या कपाटात बौद्ध मुलींची. जूनमध्ये मी रुजू झाले तेव्हा हे कसं होतं ते पाहिलं. नवी मुलगी ताट हातात घेऊन उभी राहते, एखादी मोठी मुलगी त्यावरचं नाव, आडनाव, गाव वाचते आणि बोट दाखवते. झालं. बोट दाखवणारीच्या मनात काही वाईट असतं असंही नाही. तिलाही कोणीतरी असंच दाखवलेलं असतं.

मोरीच्या ओलीने त्या शेवटच्या कपाटाची सागवानी दारं कधीच कुजली होती. तिथे साध्या हलक्या लाकडाची दारं लावली होती. मी यायच्या आधी, एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीची गाडी सजवताना उरलेला निळा रंग जनका आणि तिच्या मैत्रिणींनी मागून आणला आणि त्या दारांना दिला. जनका जानेफळची. यंदा मॅट्रिकला आहे. गणितात हुशार आणि बोलायला त्याहून हुशार. निळी दारं पाहून स्वयंपाकाच्या सोजराबाई तिला म्हणाल्या होत्या, ‘काय वं, कपाटाचं लगन काढलं का?’ जनका म्हणाली, ‘हो, आहेर आणजा.’

दिवाळीनंतर सरकारचे निरीक्षक अनुदानासाठी बोर्डिंग पाहायला येणार आहेत. म्हणून संस्थेचे सेक्रेटरी भगवानराव जेवणाच्या खोलीत आले, मागे हात बांधून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, की सागवानाला पॉलिश करून घेऊ आणि त्या निळ्या दारांना तपकिरी रंग मारून टाकू, ठिगळ लावल्यासारखं दिसतं. मला राग आला. मी म्हटलं, एकट्या त्या दारांना नाही, रंग द्यायचा तर सगळ्यांना एकच द्या, म्हणजे कुठलं कपाट कोणाचं हे कोणाला कळणार नाही. भगवानराव खाली बसले. ‘बाई, सागवानाले रंग? हे म्हणजे तुपाच्या पोळीवर पिठलं ओतल्यावानी झालं.’ पण मी हटले नाही. समितीच्या बैठकीत उभी राहून अर्धा तास बोलले. शेवटी ते कबूल झाले. फिकट पिस्ता रंगाचे डबे आले आणि पेंटरही ठरला. त्या दिवशी मला वाटलं, आपण शिकलो ते आज कुठे कामाला आलं.

रात्रीच्या जेवणाला मी मुलींना सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. नवीन रंग म्हटला की टाळ्या येतातच. जनकाने वाजवल्या नाहीत. ताट धुऊन झाल्यावर ती पदराला हात पुसत माझ्यापाशी आली. ‘बाई, बाकीच्यायले रंग लावून राह्यल्या त लावा. आमच्या दाराले काऊन?’ मी समजावलं, की सगळी दारं एकसारखी दिसली की भेद राहणार नाही. ती हसली. उर्मट हसली नाही, लहान मुलाचा पाढा चुकला की आपण हसतो तशी. म्हणाली, ‘ताटं त जिथल्या तिथंच राह्यतीन ना, बाई? पह्यले पोरी त्याले मोरीचं कपाट म्हणत. आम्ही रंग देला तवापासून निळं कपाट म्हणतात. तुम्ही रंग पुसला का पुन्हा मोरीचं म्हणतीन.’ मग जाता जाता वळून म्हणाली, ‘रंग लावनं सोपं हाय. ताट उचलून पाहा.’

माय, तिचं खरं होतं. बैठकीत मी अर्धा तास बोलले, ते पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात उलटवलं. पण वाईट मात्र वाटलं नाही. शेतात औत घेऊन आपण चुकीच्या तासाने निघालो की बाबा नुसतं ‘हूं’ म्हणतात आणि आपण वळतो, तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर आला, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. डबे फोडले नाहीत, दुकानदाराने ते परत घेतले.

मग रविवारी मी चिठ्ठ्या केल्या. सगळ्या कपाटांना क्रमांक दिले आणि एकेक मुलीने चिठ्ठी उचलायची. माझीही एक. भगवानरावांना आधी विचारलं नाही, नंतर सांगितलं. चिठ्ठ्या निघाल्या आणि खोलीत असा आवाज झाला की सोजराबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. जनकाला मधलं, काचेची मूठ असलेलं कपाट मिळालं. मला वाटलं, हिचा चेहरा फुलेल. तिने दार दोनदा उघडलं, लावलं आणि म्हणाली, ‘बाई, याची कडी ढिली हाय. आमचं बरं होतं.’ मला आलं स्वयंपाकघराजवळचं. निळं कपाट आलं तिघींच्या वाट्याला. त्यांतली एक जळगाव जामोदकडच्या देशमुखांची. तिने ताट उचललं आणि सरळ आपल्या ट्रंकेत नेऊन ठेवलं. त्या रात्री चौघी-पाचजणी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि ठेच्याचा वास सुटला तेव्हा जेवल्या.

देशमुखांची मुलगी मात्र हट्टी. जेवण झालं की ताट घासायचं, ट्रंकेत ठेवायचं, कुलूप लावायचं. आठवड्याच्या आत तिच्या सगळ्या कपड्यांना लसणाच्या फोडणीचा वास यायला लागला. शाळेत मागच्या बाकावरच्या पोरी म्हणायला लागल्या, ‘आज वरण होतं का वं?’ मग एका दुपारी, कोणी नाही असं पाहून, तिने ताट आणून निळ्या कपाटात ठेवलं. मी दाराआडून पाहिलं आणि तशीच मागे फिरले. आता ती रोज तिथूनच घेते. तिचं मन बदललं का, ते मला माहीत नाही. ताटाची जागा बदलली एवढं खरं.

सगळं गोड झालं असं मी तुला सांगणार नाही. एका मुलीचे वडील आले आणि तिला सामानासकट घेऊन गेले. ती रडत होती. माझ्याकडे बघून रडत होती, की जावं लागतं म्हणून, ते कळलं नाही. भगवानराव त्या दिवशी मला म्हणाले, ‘बाई, तुमची नोकरी अजून पक्की व्हायची हाय. एक गेली. अजून दोन गेल्या त अनुदान जाईन.’ मी म्हटलं, दोन गेल्या तर मी गावोगाव फिरून चार आणीन, आपल्या उंद्रीपासून सुरुवात करीन. त्यावर ते म्हणाले, ‘तुमचे वडील करतात काय?’ मी म्हटलं, शेती. तर म्हणाले, ‘तरीच.’ बाबा, याचा अर्थ तुम्ही काय तो लावा.

रंगाचं शेवटी असं ठरलं. सागवानाला रंग द्यायचा नाही. आपल्याकडे वखराच्या दांड्याला पाजतात तसं जवसाचं तेल पाजायचं. दसऱ्याच्या सुट्टीत सगळ्या मुलींनी मिळून चिंध्यांनी तेल चोळलं, आणि काळसर दारांतून लाकडाच्या रेघा अशा वर आल्या की भगवानराव हात मागे बांधायचे विसरले. निळी दारं निळीच राहिली. मोरीच्या बाजूला रंगाचे पोपडे सुटले होते, म्हणून नवा हात द्यायचा होता. बाकीच्या मुली कुंचले घेऊन पुढे झाल्या, तेव्हा जनकाने हात आडवा धरला. ‘तेल सगळे मिळून लावू. हे आम्हीच लावतो.’ मला आधी ते खटकलं, मग पटलं. निरीक्षक विचारतील, एकच कपाट निळं का? मी जनकालाच पुढे करणार आहे. तिला जे सांगायचं ते ती सांगेल.

माय, आता मागणं. दिवाळीला बोर्डिंग बंद होतं. जनकाचे आईवडील कापसाच्या जिनिंगच्या कामाला मलकापूरकडे गेले आहेत. तिथे ते एका छपरात आणखी दोन कुटुंबांसोबत राहतात, आणि जानेफळच्या घराला कुलूप आहे. म्हणून मी तिला माझ्यासोबत उंद्रीला आणते आहे, सगळी दिवाळी. आपल्या गोठ्यातल्या मेढीला एक जर्मन धातूचा पेला अडकवलेला असतो. तानुबाई शेतात निंदायला येते तेव्हा तू त्यात वरून चहा ओततेस. तू तिला कधी टाकून बोलली नाहीस, तिच्या बाळंतपणात घरचं तूप पाठवलंस, हे मी विसरले नाही. पण तो पेला कधी घरात आला नाही. जनका त्या पेल्यात चहा पिणार नाही. ती चुलीपुढे माझ्या शेजारी बसेल, तिचं ताट आपल्या फळीवरून निघेल आणि घासून त्याच फळीवर जाईल. शेजारपाजारचे बोलतील, हे मला ठाऊक आहे. मला खामगावला कॉलेजात धाडलं तेव्हाही बोलले होते, ‘पोरगी हातची गेली.’ तेव्हा तू पिठाचे हात झटकत म्हणाली होतीस, ‘गेली त गेली, पाह्यलं जाईन.’ त्या तुझ्या बोलण्यावर मी बी.ए. झाले आहे. आता आणखी एकदा तेच म्हण. तुला लिहिता येत नाही, म्हणून उत्तर मागत नाही, आणि वहिनींकडून लिहवून घेतलेलं मला नकोच. धनतेरशीच्या आदल्या दिवशी दुपारी खामगावकडे जाणाऱ्या एस.टी.ने आम्ही दोघी येतो. तुझं हो असेल तर बाबांना बैलगाडी घेऊन उंद्रीच्या स्टँडवर पाठव. गाडी नसली तर आम्ही उतरणार नाही, त्याच एस.टी.ने पुढे खामगावला माझ्या मैत्रिणीकडे जाऊ, आणि मी तुझ्यावर रागावणार नाही. पण तिकिटं मी उंद्रीचीच काढणार आहे. जनकाला खिडकीशी बसवीन आणि आपली गाडी कशी ओळखायची ते सांगून ठेवीन, डाव्या बैलाचं शिंग मोडलेलं आहे म्हणून.

तुझीच,
चांगुणा