शेठचा जुना लोडर

४ नोव्हेंबर
शेठचा फोन. दीड वर्षानंतर. छोटा लोडर विकायला काढलाय. "बाहेरच्याला देण्यापेक्षा तू घे. तुझ्या हातातली मशीन आहे." अकरा वर्षं होती खरी. नवीन मशीन आली तेव्हा म्हणाला, वय झालं तुझं, घरी बस.
तरी दिवसभर डोक्यात तेच. नाशिक रोडच्या गल्ल्यांत मोठी मशीन शिरत नाही, हा जागच्या जागी फिरतो. स्वतःचा असला तर कोणाला शेठ म्हणायला नको.

६ नोव्हें.
यार्डात जाऊन आलो. पिवळा रंग नवा, अजून वास येतो. मशीन किती तास चालली त्याचा मीटर चार हजार दाखवतो. मी सोडला तेव्हा नऊ हजारांच्या वर होता. विचारलं तर म्हणे, "मीटर बदललाय. त्यात काय?" माझ्याशीसुद्धा हेच. डाव्या सिलिंडरचं तेल रंगाखालून पाझरतंय. इंजिन मात्र पहिल्या चावीला लागलं. बरं वाटलं. त्याचाही राग आला.
सीटखाली हात घातला. वायर तशीच जोडलेली. काळी टेप माझीच.

७ नोव्हें.
उठताना सीटपुढचा दांडा वर केला की लोडरचे हात जागेवर लॉक व्हायला हवेत. आमच्या मशीनचा सेन्सर खड्ड्यात उगाच लागायचा, मशीन बंद पडायची. शेठ म्हणाला, काम थांबता कामा नये. मी वायर जोडून लॉकच काढून टाकलं. पंधरा मिनिटं लागली.
महिन्याभराने इंदिरानगरच्या साइटवर काशिनाथ, आमचा हरसूलचा मजूर, उचललेल्या बकेटखाली अडकलेली सळई ओढत होता. मी बघायला उठलो, गुडघा लिव्हरला लागला, बकेट खाली आली. त्याचा उजवा पाय घोट्यापासून गेला. शेठच्या कागदावर 'मजुराचा निष्काळजीपणा'. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. नोकरी टिकावी म्हणून.
बायकोला फक्त अपघात माहीत होता. आज सगळं सांगितलं. संगीता भाकरी थापत राहिली. मग, "आणि तीच मशीन दारात आणायची म्हणता?"

९ नोव्हें.
हरसूलला गेलो. बाजाराचा दिवस. काशिनाथ कोपऱ्यात विळ्यांना धार लावत बसलेला, बाजूला कुबडी. मला बघून हसला, चहा मागवला. तोच लोडर घेतोय म्हटलं.
"घे की. तुझ्यासारखा चालवणारा नाय. तवा माझंच चुकलं. खाली जायलाच नको व्हतं."
पाच वर्षं हा माणूस हेच धरून बसलाय. सांगून टाकलं. वायर मी जोडली. सही मीच केली.
त्याचा हात थांबला. विळा खाली ठेवून म्हणाला, "पोरींना सांगत आलो मी, बापाची चूक व्हती म्हनून." मग विळा उचलला. "जा आता. गिऱ्हाईक हाय."
चहा दोघांचाही तसाच राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हें.
पुन्हा शेठ. उद्या दहाला सिन्नरची पार्टी येतेय, हो-नाही सांग. म्हटलं, ती वायर तरी काढून द्या त्यांना.
"जोडलीस तू, आणि शिकवतोस मला? रंग झालाय. काही उघडायचं नाही."
मी घेतली तर वायर काढेन, पण रोज त्याच सीटवर बसायचं. नाही घेतली तर सिन्नरचा कुणी ड्रायव्हर बसेल, त्याला काही माहीत नसेल. सांगायला जावं तर पहिला प्रश्न, तुम्हाला कसं ठाऊक?
काशिनाथला दोनदा फोन लावला. उचलत नाही.
संगीता म्हणाली, "घ्या नाहीतर नका घेऊ. पण जा तिथे."
उद्या साडेनऊलाच यार्डाच्या फाटकाशी उभं राहायचं, एवढं ठरलं. सिन्नरचा माणूस गाडीतून उतरला की आधी वायर दाखवायची, आणि ती मीच जोडली हेही सांगायचं.