म्हातारीले टॅक्स नसते

१ एप्रिल, सकाळ
आजपासून अश्विनच्या धंद्याचा टॅक्स मी पाहीन. चौथीपर्यंतच शिकली, पण गणितात मास्तरले अडवलं होतं मी. नातू माहा प्लंबर. हातात कसब आहे, डोक्शात फक्त पाइप. काल कोपऱ्यावरच्या रजतकडं जाऊन आला. हा रजत सीए आहे, दाढीले तेल लावते. म्हणे, कमाई वाढली, आता रिटर्न भरत जा. भरत जा! डॉक्टरले सारे बिमार दिसतात, सीएले सारे टॅक्सवाले.

वाचवणं जरुरी आहे. बाजाराच्या तोंडावर चंपतरावचा गाळा रिकामा आहे. अश्विनले तिथं नळ-पाइपाचं दुकान टाकायचं आहे. बँकेतून लोन काढीन म्हणते तो. चंपतराव दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. त्यासाठी पोट्टा दोन वर्षांपासून मोटरसायकलवर पाइप बांधून फिरून राहिला. सरकारले काय त्याचं?

३ एप्रिल
शेजारची यमुताई आली. चहा पिऊन सांगून गेली, म्हातारीले टॅक्स नसते. मले हे आधीच सुचलं होतं. तिनं फक्त तोंडानं म्हटलं.

४ एप्रिल, दुपार
काम फत्ते. अश्विनच्या अवजारांच्या पेटीवरचं जुनं क्यूआर काढून माह्या खात्याचं चिकटवलं. आता गिऱ्हाइकानं पैसे टाकले की त्याले दिसते, प्रेमिला नत्थूजी लांजेवार. पैसा म्हातारीचा, टॅक्स गायब. अश्विन कुरकुरला. म्हणे, आजी, लोकं हसतील. मी म्हटलं, हसणारे आपापला संडास आपण मोकळा करतात का गा? पेटी उचलून निघाला. नातसून मोनाली म्हणाली, रजतले एकदा विचारायचं होतं. बारावी शिकलेल्या बायका अशाच असतात. विचारत बसतात.

१६ एप्रिल
सदर भागातल्या एका बंगल्यातल्या बाईनं अश्विनले विचारलं, ही प्रेमिला कोण? तो म्हणाला, मालकीण. पहिल्यांदा काही अकलेचं बोलला. बाईच्या घरी तीन बाथरूम, आणि शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली. थू.

२ मे
यमुताईच्या जावयाचं म्हणणं, जितका खर्च दाखवाल तितका टॅक्स कमी. म्हणजे बिलं पायजे. आजपासून बिलाशिवाय काही घ्यायचं नाही. भिवापूरची मिरची घेतली सहा किलो, दुकानदाराच्या छातीवर बसून बिल घेतलं. मोनालीनं विचारलं, आजी, मिरची प्लंबिंगमध्ये कशी काय धरता? मी म्हटलं, काहून नाही वं? तो जेवते, तेव्हाच त्याचा पाना फिरते. उपाशी प्लंबर पाहिला का तू?  मिरची कांडताना ती दिवसभर शिंकली, तेही माह्याकडं पाहून.

९ मे
पंचेचाळीस डिग्री. नवा कूलर घेतला, पक्क्या बिलानं. प्लंबरचं डोकं तापलं तर काम कोण करन? कूलर माह्या खोलीत ठेवला, कारण हिशेब मी करते. अश्विन म्हणे, हे पैसे गाळ्यासाठी होते. अरे बावा, गाळ्यासाठीच वाचवून राहिली ना मी!

१० मे
झोप चांगली झाली.

२२ जून
बिलांची पिशवी भरली. मिरची, कूलर, दोन लुगडी (गिऱ्हाईक घरी आलं तर मालकीण फाटक्यात दिसाले नाही पायजे), यमुताईच्या नातीच्या बारशाचा आहेर. दुकानदार बिल मागितलं की असं तोंड करतात, जसं किडनी मागितली. या देशात इमानदारीनं टॅक्स चुकवणंही मुश्कील आहे.

२७ जुलै
रजतचा तीनदा फोन. रिटर्नची मुदत चार दिवसांत संपते म्हणे. अश्विन जायले निघाला होता, दारातच अडवला. रिटर्न भरणं म्हणजे आपण होऊन ठाण्यात जाऊन सांगणं, की साहेब, मी इथं राहतो, बिनघोर या. मोनालीनं मध्ये तोंड घातलं, लोनले रिटर्न लागते. मी म्हटलं, बँकेले माणूस पायजे की कागद? माणूस घेऊन मी जाईन. अश्विननं चप्पल काढली आणि परत आत आला. शब्द मोडत नाही माहा. लहानपणापासून मी वळण लावलं.

१ ऑगस्ट
मुदत गेली. कोणी आलं नाही. मी तर दार उघडंच ठेवलं होतं.

५ सप्टेंबर
पाच महिने झाले. सरकारले एक पैसा दिला नाही. यमुताईले म्हटलं, गल्लीतल्या धंदेवाल्याईची शिकवणी घेऊ का? मेस, प्रेस, पंक्चरवाला, सारेच लुटल्या जाऊन राहिले. पण लोकाईले फुकटची अक्कल पचत नाही. मेसवाली म्हणाली, आजी, मले टॅक्स लागतच नाही. काय तो अडाणीपणा!

८ ऑक्टोबर
बँकेत गेलो, अश्विन आणि मी. नवं लुगडं नेसली. एसी असा, की हाडं वाजली. एक पोट्टी बसली होती, नखं लाल. तिनं अश्विनचं खातं काढलं. सहा महिन्यांत मोबाईलचं रिचार्ज आणि गॅसची सबसिडी, बस. रिटर्न विचारलं, नाही. मग कमाई कुठं आहे म्हणे. मी छाती काढून माहं पासबुक पुढं केलं. तिनं पाहिलं, पानं उलटवली, मग माह्याकडं पाहिलं. म्हणे, आजी, कागदावर तर तुम्हीच प्लंबर आहात. पण तुमचं वय पंचाहत्तर, तुमच्या नावानं लोन बसत नाही. आणि याची काही कमाई दिसत नाही, म्हणून याच्याही नावानं बसत नाही.
मले प्लंबर तर मानलं बँकेनं. बाकी लाल नखांत काही अक्कल नाही.
 घरी येताना अश्विननं गाडी हळू चालवली, मी मागं होती म्हणून.

९ ऑक्टोबर
चूक बँकेची आहे.

१२ ऑक्टोबर, दुपार
रजतच्या ऑफिसात स्वतः गेली. बिलांची पिशवी टेबलावर ओतली. मिरचीचं बिल त्यानं दोनदा वाचलं आणि खिडकीबाहेर पाहत बसला. दाढीत हसून राहिला होता, मले समजते. मग अश्विनची गेल्या वर्षाची कमाई विचारून कागदावर मांडली. म्हटलं, बाबू, आता सांग, मी किती टॅक्स वाचवला?
शून्य म्हणे.
मी म्हटलं, पुन्हा मांड. पुन्हा मांडली. शून्य. म्हणे, आजी, एवढ्या कमाईवर टॅक्स लागतच नाही. वेळेवर रिटर्न भरला असता, पैसे त्याच्या खात्यावर आले असते, तर टॅक्सही नव्हता आणि लोनही झालं असतं. आता उशिराचा हजार रुपये दंड तेवढा लागन. आणि तुमच्या खात्यात आलेले पैसे कोणाचे, हे पुढच्या वर्षी मले लिहून द्या लागन.
मी विचारलं, मग आधी काहून नाही सांगितलं? म्हणे, तीनदा फोन केला होता.
चौथ्यांदा कराले काय झालं होतं?

१३ ऑक्टोबर
कूलरचं पाणी काढून टाकलं. तसंही आता थंडी येईन.

१९ ऑक्टोबर
चंपतरावकडं गेली. विनवायले नाही, समजवायले. गाळा आणखी एक वर्ष ठेव म्हटलं. तो म्हणे, काकू, पोट्टा तुमचा चांगला आहे, म्हणून तर सहा महिने थांबलो. पण माह्या घरीही चूल आहे. मोमोवाल्यानं ॲडव्हान्स दिला. मी म्हटलं, मोमो खाऊन पोट बिघडन लोकाईचं. तो म्हणे, बिघडू द्या, भाडं तर येईन. मी चहा न घेताच उठली. पहिलीच वेळ.
दिवाळीपर्यंतही नाही थांबला मेला.

२ नोव्हेंबर
मोनालीले म्हटलं, अश्विन जेवत काहून नाही नीट? ती म्हणे, जेवतात ना. मग मीच तव्यावरची गरम भाकर वाढली. खाल्ली त्यानं. आजी, मीठ बरोबर आहे म्हणाला. मीठ कोणी विचारलं होतं? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन शिव्याईचं उत्तर तयार ठेवलं होतं.

१४ नोव्हेंबर
सकाळी अश्विन पेटी घेऊन निघाला. कुठं विचारलं, तर म्हणे, चंपतरावच्या गाळ्यात सिंक बसवाचं आहे, मोमोवाल्याचं. दिवसभराचं काम. पाइपलाइनही नवीनच टाका लागन. मी म्हटलं, दुसऱ्याले दे ना ते काम. म्हणे, काहून देऊ? काम चांगलं आहे.
त्याच्या नावाचं स्टिकर बनून यायचं आहे अजून, म्हणून माह्याच नावाचं घेऊन गेला.
चार वाजता माहा मोबाईल वाजला. अडीच हजार जमा. मोनालीनं भांडी घासता घासता विचारलं, कोणाचे आले, आजी?
मी म्हटलं, असेच कोणाचे.