जुन्या गाडीचा नवा चिमटा

प्रिय नयन,

नाव ओळखीचं वाटत नसेल म्हणून आधीच सांगते: मी भागीरथा, तुझ्या बापाची आई. खाली चार दात, वर एकही नाही, डाव्या हातावर गोंदण. आठवलं का? गणपतीत कौसल्याच्या फोनवर ‘रविवारी बोलू’ म्हणाला होतास. तो रविवार अजून पुण्याहून निघालेला दिसत नाही, आणि इकडे मार्गशीर्ष लागला. असो, विसरणं आपल्या घराण्यातच आहे. तुझे आजोबा एकदा मला दारव्ह्याच्या बाजारात विसरून घरी आले होते, आणि ताटावर बसल्यावर त्यांना प्रश्न पडला की भाजी वाढायला कोणी येत कसं नाही.

पत्र कौसल्या लिहिते आहे, आपल्या शेजारची, अंगणवाडीतून रिटायर झालेली. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. मी शिवी दिली की ती पेन वर धरून बसते. वाचून दाखवलं तेव्हा मीच चार बुकं शिकलेली वाटले, म्हणून तिला टोकलं नाही. फोन केला असता, पण तुझ्या बापाचं नाव निघालं की तू ‘आजी, तो विषय नको’ म्हणून फोन ठेवतोस. कागद मधेच तोडता येत नाही. फाडलास तरी आधी वाचशीलच.

माझी खबर घे. कंबरेचं हाड जुळून आठ महिने झाले. यवतमाळचा डॉक्टर म्हणाला, आता हिंडा-फिरा. तुझ्या बापाने, रामधनने, डॉक्टरला मान हलवली आणि घरी येऊन फाटकाला वरच्या अंगाला आकडा ठोकला, माझा हात पुरणार नाही असा. सकाळी भाकर टाकतो, माझं पाणी उशाशी ठेवतो, आकडा लावतो आणि कापूस वेचायला माणसं घेऊन पायी वावरात जातो. मी ओसरीवर. समोर कौसल्याच्या गोठ्यावर एकवीस टिनं आहेत, त्यातलं एक उलटं ठोकलेलं. ते उलटं कोणी ठोकलं असेल याचा विचार करण्यात माझा अख्खा भादवा गेला. चिमण्यांनासुद्धा मी आता चेहऱ्याने ओळखते. कोंबडी बरी रे, तिला निदान संध्याकाळी तरी कोंडतात, दिवसा मोकळी असते.

आणि तिकडे तांड्यावर हंसाबाई बसली आहे. चाळीस वर्षं एका ओळीने कापूस वेचला आम्ही, तिच्या गोरबोलीतल्या शिव्या मला पाठ आणि माझ्या तिला. तिलाही आता चालवत नाही. संक्रांत झाली की तिचा पोरगा बादल तिला नागपूरला नेतो आहे, कायमचं. मधे पांदण अडीच कोस, तिथून जीप जात नाही, आणि आपली बैलजोडी केव्हाच गेली. जाते ती फक्त मोटारसायकल. आपली मोटारसायकल अकरा महिने ताडपत्रीखाली होती. तुला कारण माहीत आहे, कारण ते कुलूप तुझंच आहे. मी पडले त्या आठवड्यात तू फोनवर बापाला म्हणालास, ‘गाडी सांभाळता येत नाही तर आजीला बसवलं कशाला? पुन्हा तिला त्या गाडीवर बसवलंत तर माझं तोंड पाहू नका.’ फोन स्पीकरवर होता, बाबू. मी खाटेवरून ऐकलं. रामधन एवढंच म्हणाला, ‘चुकलं माह्यं.’ त्या दिवसापासून तो स्वतःसुद्धा त्या गाडीवर बसला नाही. दारव्ह्याला जायचं तर जीप लागते त्या रोडपर्यंत पायी जातो. तुझी आई असती तर तिने दोघांच्या कानाखाली एकेक ठेवून मिटवलं असतं. ती नाही, आणि माझा हात आकड्यालाही पुरत नाही.

तर मी काय केलं ते ऐक. दिवाळीनंतर रामधन तीन दिवस महागावला साडूकडच्या लग्नाला गेला. कौसल्या माझ्याकडे झोपायला. मी तिच्या फोनवरून धम्मदीपला बोलावलं, तुझ्याच वर्गातला, दारव्ह्याला गॅरेज आहे त्याचं. म्हटलं, गाडीचं पुढचं तोंड खड्ड्यात खाली जातं आणि म्हातारीला वर फेकतं, त्याचं काय करतोस सांग. त्याने ताडपत्री काढली, हँडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, आजी, मागचे शॉकप चांगले आहेत, खोट पुढच्या चिमट्यात आहे. चाक धरणारे ते दोन दांडे, त्यांना ते चिमटा म्हणतात. मी म्हटलं, चुलीपाशी माझी हयात गेली, मला चिमटा शिकवू नको, बदल. त्याने मोठ्या गाडीचा जाड चिमटा आणला, माझ्या मनगटाएवढे दांडे. तो बसवायचा तर वरून धरणारी टी बदलायची, चाक बदलायचं, हँडल फिरतं तिथले छर्रे नवे घालायचे. दोन दिवस अंगणात पसारा होता. अकरा महिन्यांत माझे तेवढेच दोन दिवस बरे गेले.

गाडी तपासायची तर मागे माझ्या वजनाचं काही पाहिजे. धम्मदीप म्हणाला, उचलून पाहू का. मी काठी दाखवली. मग सरकीच्या ढेपेच्या पोत्यातली ढेप काढत काढत माझ्याएवढं पोतं केलं, हलू नये म्हणून माझ्याच जुन्या लुगड्याने सीटला बांधलं आणि तो पांदणीने निघाला. वळणावर शकुबाईने लांबून पाहिलं आणि ओरडली, ‘भागीरथे, आली का वं फिरायले?’ पोत्याने उत्तर दिलं नाही म्हणून ती अजून माझ्यावर रुसलेली आहे. पहिल्या खेपेला पोतं टणाटण उडत होतं. दांड्यांत तेल जास्त झालं होतं. थोडं काढलं. दुसऱ्या खेपेला पोतं महाराणीसारखं बसून आलं. धम्मदीप म्हणाला, चला आजी, तांड्यावर मीच नेतो. जीव तुटला रे, पण नाही गेले. रामधन जिवंत असताना त्याच्या आईला दुसऱ्याने नेलं, हे गावाने त्याला ऐकवलं असतं.

आता जड गोष्ट. मी पडले त्याच्या आदल्या दिवाळीला तू घरी आला होतास तेव्हा मला हिसके बसू नयेत म्हणून मोबाइलमध्ये पाहून तूच चिमटा उघडला होतास. आत स्प्रिंगवर ठिबकच्या काळ्या नळीचा एकेक तुकडा कापून घातलास, म्हणजे स्प्रिंग दबून कडक राहील. मी शेजाऱ्यांना सांगत सुटले होते की नातू इंजिनीअर झाला. आता धम्मदीपने जुना चिमटा माझ्यासमोर खोलला. डाव्या दांड्यातून नळीचा तुकडा निघाला. उजव्यातून काहीच निघालं नाही. आणि त्याला त्याचं नवल वाटलं नाही, हे मी पाहिलं. मला अक्षरं वाचता येत नाहीत, तोंडं येतात. म्हटलं, काहून रे, दुसरा कुठे गेला? तो म्हणाला, मले कायले विचारता आजी. मी म्हटलं, तुलेच विचारते. तेव्हा बोलला.

मी दवाखान्यात असताना चौथ्या दिवशी रामधनने त्याला घरी बोलावलं होतं. उजवा दांडा उघडला तर तुझी नळी दुमडून फाटली होती. पांदणीतल्या मोरीपाशी ब्रेक लागला, ती बाजू एकदम बसली, हँडल फिरलं आणि आम्ही दोघं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आपटलो. डावा दांडा उघडायची गरजच पडली नाही. रामधनने तो फाटका तुकडा शर्टाच्या खिशात घातला आणि धम्मदीपला शपथ घातली, पोराला कळू द्यायचं नाही, तो दूर एकटा राहतो. तुझा तो फोन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी, मी घरी आले त्या दिवशी. म्हणजे ‘चुकलं माह्यं’ म्हणताना त्याला सगळं माहीत होतं.

रामधन महागावहून आला, नवा चिमटा पाहिला. हँडल दोनदा दाबलं. गाडी खाली गेली आणि हळूच वर आली. आणि ताडपत्री पुन्हा ओढली. तू घातलेली अट तो मोडणार नाही. मी त्याला एक शब्द विचारलेला नाही. मला कळलं हे त्याला कळता कामा नये.

तुला रडवायला हे लिहून घेतलेलं नाही. नळी तू मायेने घातलीस. हाड माझं होतं, मी तो हिशेब मिटवला. पण ती अट तूच काढू शकतोस, म्हणून हे पत्र. संक्रांतीच्या आत ये. माफी मागू नकोस. माफी मागितलीस की त्याला समजेल तुला कळलं, आणि त्याचं वर्षभराचं गप्प बसणं मातीत जाईल. फक्त ताडपत्री काढ, चावी त्याच्या हातात दे आणि ‘बाबा, चला’ म्हणून त्याच्या मागे बस. मोरीपर्यंत जा आणि परत या. मोरी आली की तो गाडी हळू करेल, तू खांदा सोडू नकोस. मग उतर आणि मला बसव. उत्तर मात्र लिहू नकोस, घरी आलेलं पत्र रामधनच वाचून दाखवतो. येणार असशील तर कौसल्याच्या पत्त्यावर खारी पाठव, लोण्यातली, साधी. पार्सलमध्ये चुरा झाली तरी चालेल, मी चहातच बुडवते.

तुझीच,
भागीरथाआजी
(अंगठा माझा, शाई कौसल्याची)