उसनी छत्री

ती. सुआत्येस, हांगचौहून यिंगशूचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही ठणठणीत आहेत, डोकं तेवढं कामातून गेलंय. ते तळ्यात बुडवावं म्हटलं तर आमचं तळंही नकली (खरं पर्यटकांनी अडवलंय), जेमतेम पोटरीभर पाणी.

पांढऱ्या नागिणीच्या दंतकथेवर सिनेमा करतेय म्हटल्यावर तू जे जे बोललीस ते सगळं खरं झालं. तू ती जन्मभर रंगमंचावर उभी केलीस, पण निर्माते फान साहेबांना ती उडायला हवी. 'साहेब, साप आहे ती,' म्हटलं, तर म्हणतात, 'अहो बाई, मग सिनेमा कशाला काढायचा?' पंख मी कसेबसे छाटले. (बदल्यात तिच्या संसाराच्या मुळावर उठणाऱ्या त्या खाष्ट भिक्षूला घोडा द्यावा लागला. घोडा भिक्षूला चावला. घोड्याचा अभिनय उत्तम.)

मग आला छत्रीचा प्रसंग. पूल, पाऊस, बाईच्या रूपातली नागीण नायकाला पहिल्यांदा भेटते, तो तिला छत्री देतो. सगळी कथा त्या छत्रीवर उभी. पण आमच्या नायक-नायिकेचं खरोखरच लग्न ठरलंय, आणि तिची आई सेटवर सूर्यफुलाच्या बिया सोलत मुक्काम ठोकून. छत्री पुढे होताच ओरडली, 'अगं ए, हात मागे घे! त्याच्याकडून सान घेतेस?' (छत्रीही सान, ताटातूटही सान. हे शब्द ज्याने जुळवले त्याला एकदा दिग्दर्शनाला बसवावं.) पोरीने हात मागे घेतला, छत्री पाण्यात. फान साहेब म्हणाले, कमळाचं पान द्या. शिवाय, होड्यांच्या सणापर्यंत हा प्रसंग जमला नाही तर दुसरा दिग्दर्शक बघतो.

शेवटी मीच म्हटलं, 'मावशी, तो देत नाहीये हो. उसनी देतोय.'

बिया थांबल्या. 'मग परत करायला पुन्हा भेटावं लागेल की!'

'तेच तर.'

'घे गं पोरी, घे.'

घेतली तिने, पण दारावर आलेलं पार्सल घ्यावं तशी. तुझी बोटं दांड्याला लागायच्या आधीच तुझा श्वास थांबायचा, आत्या. आणि पडद्याआड पेटीवर बसलेल्या माझाही. ते मला दिसतं, पण तिला सांगता येत नाही.

बाकी सगळं क्षेम. जेवण वेळेवर मिळतं, फक्त गार.

तुझी,
यिंगशू

ता. क. सिनेमाच्या सेटवर तू पाऊल ठेवणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून बोलावत नाही.

पुन्हा ता. क. सोबत तेलकागदाची छत्री पाठवलीय. भेट नाही, शिव्या देऊ नकोस. उसनी आहे. आमच्याकडे एकच होती, त्यामुळे तोवर शूटिंग बंद. आणि उसनी वस्तू पोस्टाने परत पाठवणं आपल्या घरात शोभत नाही, हे तूच शिकवलंस.